वेदीपुढे ठेवलेला डबा

मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. आधी माझ्यात शेंगदाण्याचं तेल होतं. ते संपल्यावर पूर्णा स्टेशनजवळच्या एका पत्रेवाल्याने माझं तोंड कापलं, झाकण बसवलं आणि दोन्ही बाजूंना कड्या लावल्या. सारजाबाईने मला विकत घेतलं, राखेने घासलं आणि ओट्याखाली ठेवलं.

मित्रांनो, मला वाटलं होतं की माझ्यात घरचं धान्य भरतील. पण सारजाबाईची रीत वेगळी होती. तांदूळ धुण्याआधी, ज्वारी दळायला देण्याआधी ती त्यातली एक मूठ माझ्यात टाकायची. ती प्रभूची मूठ. तिच्या आईच्या घरीही असंच चालायचं. मी भरलो की ती धान्य घेऊन रुळांपलीकडच्या वस्तीत जायची. दिवाळीनंतर तिथली तरणी माणसं ऊस तोडायला जातात आणि म्हातारी माणसं मागे राहतात.

कडूबाई नावाची एक म्हातारी पदर पसरताना म्हणायची, "सारजे, समदं आमालाच वाटायलीस. एखांद्या दिवशी नवरा उपाशी मारशीन."

"आदी त्यांचं पोट बगा, मावशी, मंग बोला," सारजाबाई म्हणायची.

तिचा नवरा जीवनराव रेल्वेत गँगमन होता. एकदा शेजाऱ्यांनी नवा सोफा आणला, तेव्हा तो म्हणाला, "आपुनबी घिऊ का? लोक हासायलेत आपल्या सतरंजीला."

"घ्या की. पर त्याच्यावर बसायला तुमी घरी कवा असता?"

तो हसला. सोफा कधी आला नाही. त्या घरात वस्तू थोड्या होत्या, पण दारातून कुणी रिकाम्या हाताने परत गेलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात सारजाबाई आजारी पडली आणि प्रभूकडे गेली. जीवनराव एकटा राहिला. रोज एकाच माणसाचा भात, तरी तो आधी मूठ टाकायचा. टाकून झाल्यावर त्याचा हात बराच वेळ माझ्या आतच राहायचा.

मग कापणीचा सण आला. त्या रविवारी लोक चर्चमध्ये कणसं, भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवतात. वेदीपुढे ठेवलेलं प्रभूचं झालं, ते परत न्यायचं नसतं. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि आलेला पैसा गरजूंसाठी जातो. सारजाबाई सणाला धान्य फडक्यात बांधून न्यायची. जीवनराव तेव्हा रुळांवर कामाला असायचा, त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने मलाच उचलून वेदीपुढे ठेवलं.

लिलाव चर्चमधलाच रामहरी करत होता. "ह्यो कोंबडा न्या, पर पहाटं आरडला तर मला शिव्या देऊ नका," असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं. मग त्याने मला उचललं. "डब्यासगट ज्वारी. बोला."

चर्चमधल्या एका घरची प्रियांका नावाची नवी सून बोली बोलली. तेवढ्यात जीवनराव उठला.

"रामहरी, दाणे घे. डबा न्हाई द्यायचा. सारजाचा हाय त्यो."

"न्या काका, कुणी काय म्हणत न्हाई," रामहरी हळूच म्हणाला. चर्चच्या पाळकसाहेबांनीही मान डोलावली. जीवनराव पुढे आला. त्याने माझ्या कड्या धरल्या, पण मला उचललं नाही.

"तुमाला डबा ठिवायचाय हे मला ठावं नव्हतं, काका," प्रियांका म्हणाली. "काकूवाणी मूठ टाकावी म्हणलं. म्हणून बोलले. तुमी न्या."

जीवनराव तसाच वाकून उभा होता. थोड्या वेळाने त्याने कड्या सोडल्या.

"ने, पोरी. घरी मी ह्याच्याकडं बगतच बसन. तू ह्याच्यात हात घाल."

आणि तो जागेवर जाऊन बसला. मित्रांनो, मी पुष्कळ देणारे हात पाहिले आहेत. पण त्या दिवशी जीवनरावने जे दिलं, तेवढं कुणी दिलेलं पाहिलं नाही.

आता मी प्रियांकाच्या घरी असतो. तिची मूठ लहान आहे, त्यामुळे मी सावकाश भरतो. परवा जीवनराव आला, तेव्हा ती म्हणाली, "काका, डब्याला रंग देऊ का? गंजायलाय."

"रंग ऱ्हाऊ दे. भरला की सांग, वस्तीत नेतो."

मित्रांनो, त्याचं बरोबर आहे. मला जपायचं असेल तर घासूनपुसून फळीवर मांडू नका. मला भरा, आणि भरलो की लवकर रिकामा करा.