उत्तर खालच्या ओळीत येतं

आमच्या जावईबापूंना साधं काही सांगता येत नाही. भूक लागली तरी ते आधी लॅपटॉप उघडतात. त्यात त्यांची एक लांबलचक नोट आहे. रंग नाही, चित्र नाही, नुसती अक्षरं. वाणसामान, सासुरवाडीच्या माणसांचे दोष, जगाविषयीची मतं, सगळं एकाखाली एक. मधूनमधून प्रोग्रॅमचे तुकडे. कर्सर तुकड्यावर न्यायचा, दोन कळा एकदम दाबायच्या, की तुकडा तिथल्या तिथे चालतो आणि उत्तर खालच्या ओळीत येऊन बसतं. त्यासाठी दुसरीकडे कुठे जावं लागत नाही. जावईबापूंनाही कुठे जावं लागत नाही. नोकरी सुटल्यापासून ते माझ्याच घरात, माझ्याच आरामखुर्चीत असतात. हे त्यांना बोलून दाखवायचं माझ्या अनेकदा ओठांवर आलं, आणि तिथूनच परत गेलं.

परवा नाश्त्याच्या वेळी त्यांनी लॅपटॉप माझ्या बशीपर्यंत सरकवला.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका. हे मी म्हणत नाही, प्रोग्रॅम म्हणतो."

कुठली खोली केवढी, तिथे कोण किती वेळ बसतं, असं काहीसं त्या तुकड्यात होतं. खालच्या ओळीत उत्तर: मागची खोली रिकामी करून तिथे ऑफिस करावं.

मागच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. पुस्तकांच्या मधे उरलेल्या जागेत मी आहे.

"पण मी तर दिवसभर तिथेच..."

"तुम्हाला तसं वाटतं. वाटण्यावर घर चालत नाही. उद्या एक जण येऊन सगळं वजनावर घेऊन जाईल. खोके आणून ठेवलेत मी."

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि जे कळत नाही ते बरोबरच असणार, असं धरून चालायची मला खोड आहे. मी खोके भरायला घेतले. जाड कोश खाली, कविता वर, म्हणजे कुणाची हाडं मोडायला नकोत. जावईबापू अधूनमधून खुर्चीतून डोकावून "वा, वेग चांगलाय" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी रात्रपाळी संपवून आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. दारातच खोक्यांना अडखळली.

"हे काय? बाबा कुठे निघाले?"

"बाबा नाही गं, पुस्तकं निघालीत. ये, दाखवतो."

तिनं पर्स खांद्यावर तशीच ठेवून वाचलं. "बाबा त्या खोलीत रोज अर्धा तास?"

"सरासरी."

"अरे, त्यांना जेवायला हाका मारून माझा घसा बसतो! दहा तास लिही."

"असे आकडे बदलायचे नसतात. मॉडेल बिघडतं."

"बिघडू दे. सरक तिकडे."

तिनं आकडा बदलला आणि दोन कळा दाबल्या. खालची ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी लाल अक्षरं आली: तिसऱ्या ओळीतला कंस बंद केलेला नाही, प्रोग्रॅम चालवता येत नाही.

"मी फक्त आकडा बदलला," ती म्हणाली. तिनं पुन्हा अर्धा तास लिहिला, पुन्हा कळा दाबल्या. पुन्हा तीच लाल अक्षरं. "म्हणजे हा कधी चाललाच नव्हता. मग उत्तर कुठून आलं रे?"

जावईबापूंनी चष्मा पुसला. "ते मी तात्पुरतं लिहून ठेवलं होतं. काय येणार ते माहीतच होतं ना. नंतर चालवून बघणार होतो."

साध्या अक्षरांची हीच तर सोय. यंत्रानं दिलेली ओळ आणि माणसानं लिहिलेली ओळ, दोघींचा तोंडवळा एकच. चोर निदान कुलूप फोडायचे कष्ट तरी घेतो. या गृहस्थांनी साधा कंस बंद केला नव्हता.

"आता कर बंद. आणि दहा लिही," मुलगी म्हणाली. "मग त्या वजनवाल्याला फोन कर, येऊ नका म्हणून."

त्यांनी कंस बंद केला, एखाद्याच्या हृदयाला टाका घालावा तसा. दहा लिहिले, कळा दाबल्या. उत्तर आलं: मागची खोली आहे तशी ठेवावी.

आता तरी हा माणूस मान खाली घालेल असं मला वाटलं. ते आरामखुर्चीत मागे रेलले.

"बघा बाबा! मी म्हणत होतो ना, भावनेच्या भरात काही ठरवू नये. शेवटी प्रोग्रॅमनंच तुमची खोली वाचवली."

"आभारी आहे," मी म्हणालो.

तोंडातून निघूनच गेलं. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्याकडे वळली, आणि वळताना त्या नजरेत काडीचाही फरक पडला नाही.

"खोके कुणी भरले, बाबा?"

"मी."

"एका शब्दानं विचारलं नाहीत?"

"प्रोग्रॅम म्हणत होता, म्हणून..."

"मग आता तुम्हीच न्या आत," ती म्हणाली आणि झोपायला निघून गेली.

मी पहिला खोका उचलला. तळाशी कोश होते, जड होता. मला जायला वाट मिळावी म्हणून जावईबापूंनी पाय वर घेतले.