जमिनीला न टेकलेला खांब

अम्हाने चर्चचा खांब तोडला. ही गोष्ट आहे, खरं असं काही घडलेलंच नाही, त्यामुळे आपण छतापासून सुरुवात करू. देब्रे मेहरेतच्या मठात सगळं छतापासूनच सुरू होतं.

मिसरूड फुटायच्या आधी अम्हा छिन्नी घेऊन डोंगराच्या माथ्यावर बसला आणि डोंगर कोरून त्यातून चर्च मोकळं करत खाली खाली येत गेला. आधी छतावरचा क्रूस, मग कमानी, मग खिडक्या. जुन्या लाकडी चर्चांच्या तुळयांची टोकं भिंतीबाहेर यायची, म्हणून त्याने दगडातही तशी टोकं कोरली. ती काहीच पेलत नव्हती, पण त्यांच्याशिवाय भिंतीला चेहरा नव्हता. आत नऊ खांब, छताशी जन्मापासून जोडलेले. सकाळचं ऊन आत आलं की सगळा दगड मधासारखा दिसे आणि बडबडे भिक्षूसुद्धा गप्प होत. अम्हा जमिनीपर्यंत पोचला तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती.

आता जमीन सपाट करायची तेवढी राहिली होती. गाभाऱ्याकडे पाठ करायची नाही, हा नियम. म्हणून अम्हा तिकडे तोंड करून, गुडघ्यांवर मागे मागे सरकत जमीन तासत होता. मागे दगड आडवा आला. वळून बघायची सोय नव्हती. त्याने हात मागे नेऊन तो फोडला.

तो नवव्या खांबाचा पाय होता.

"अम्हा," मठाधिपती अब्बा बेत्सेलोत म्हणाले, "हा खांब लोंबतोय."

"हो, अब्बा."

"उद्या बिशप येतायत. त्यांनी नाही म्हटलं तर वेदीची पवित्र पाटी आत यायची नाही, आणि पाटीशिवाय हे चर्चच नव्हे. तुझ्या जन्मभराच्या कामात बकऱ्या बांधाव्या लागतील."

"खाली गवत भरू?"

"भर. बकऱ्यांची सोय आत्ताच होईल."

दुसऱ्या दिवशी लांबलचक प्रार्थनेत सगळे आपापल्या काठ्यांवर रेलून उभे होते. बिशप नेमके त्याच खांबाशी. त्यांची काठी निसटली, गवतात घुसली आणि खांबाखालून पलीकडे निघाली. बिशप आधी काठीकडे बघत राहिले, मग खांबाकडे.

"हा कशावर उभाय?"

"छतावर," अम्हा म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

"अरे," बिशप म्हणाले, "एकदा वळला असतास तर खांब दिसला असता."

"माझी पाठही दिसली असती, अब्बा."

"कुणाला?"

अम्हाने गाभाऱ्याकडे बोट केलं.

बिशप गुडघ्यांवर बसले. खांबाखाली कोपरापर्यंत हात घालून पाहिला. मग मान वर करून छत न्याहाळलं. केसाएवढीही भेग नव्हती.

"बाकीच्यांनी छताला धरलंय," ते हळूच म्हणाले. "याला छताने धरलंय. माझंही तसंच आहे. आणा पाटी आत."

ढोल वाजले. पण बिशप पडले शिस्तीचे. जाण्यापूर्वी त्यांनी मजकूर सांगितला आणि अम्हाने तो दाराच्या चौकटीवर कोरला:

'डोंगरास विनंती करण्यात येते की, सदर खांबाचा गहाळ झालेला पाय पुढील मोठ्या उपवासापूर्वी पूर्ववत उगवून द्यावा, व विलंब झाल्यास तसे सकारण कळवावे.'