बुडीत गावातला आड

माझे सासरे नीळकंठराव, म्हणजे आमचे आबा, किती हट्टी आहेत, हे अख्ख्या बारामतीला ठाऊक आहे. रविवारची सहल ठरली ती त्यांच्याच हट्टानं. सकाळी पळसदेव, मग जेवायला नरसिंहपूर. सहा दिवस बँकेत मान मोडल्यावर सातव्या दिवशी मला झोप हवी होती. पण आठ वर्षांची माझी इरा 'आबांचं गाव' म्हणून नाचत होती, मग काय!

आबांचं जुनं गाव उजनी धरणात बुडालेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की देऊळ उघडं पडतं आणि सभोवती गाळच गाळ. होडीवाल्या बिरूनं उतरवतानाच बजावलं, "आबा, देवळापाशीच ऱ्हावा. गाळ वरनं वाळल्यागत दिसतो, आत न्हाय."

"मला शिकवतूस व्हय रं? हितं जल्मलोय मी," म्हणत आबा इराचं बोट धरून निघालेसुद्धा. "ही आमची आळी. ही चावडी. ह्यो आमचा उंबरा." मला तर नुसता भेगाळलेला गाळ दिसत होता. मी चरफडत मागं, माझ्या मागं बिरू. तेवढ्यात इरा बोट सोडून पुढं पळाली आणि कंबरेपर्यंत खाली गेली.

"आई!"

मी धावले, तर बिरूनं दंड धरला. "ताई, तुमीबी जाल! पोरी, हात पसर, हलू नगं!" इरा रडत होती आणि प्रत्येक हुंदक्याला बोटभर खचत होती. इतकी मी जन्मात कधी भ्याले नव्हते.

आबा पांढरेफटक पडले. "आमचा आड हितंच हुता. इसरलो गं."

गाळानं भरलेल्या आडाला तळ कुठला! "काठाचा दगड घावला तर उभं ऱ्हाऊन वढता यील," बिरू म्हणाला. "कुठल्या अंगाला हाय?" आबा गाळावर नुसती नजर फिरवत राहिले. सासऱ्यांपुढं कधी आवाज न चढवलेली मी किंचाळले, "आबा, बोला! माझी पोर जातेय!"

"रहाट उगवतीला हुता. तितं शिळा हाय. पर सूनबाई, मी आत्ताच चुकलोय गं."

गाळ इराच्या छातीला लागला होता. मी उगवतीकडे सरकून पाय टाकला. घोटा बुडाला, पोटरी बुडाली, आणि टाचेला दगड लागला. मी ओढणी फेकली, बिरूनं मला मागून धरलं. इराच्या हातून ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा इरा चिखलासकट माझ्या अंगावर आली. मी तिला एक धपाटा घातला आणि मग तिचे मुके घेत सुटले.

बिरू तिला उचलून देवळाकडे गेला. आबा होते तिथंच उभे होते. चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "सूनबाई, पाय कुठं टाकू?"

मी त्यांचा हात धरला. देवळापर्यंत प्रत्येक पावलाला ते विचारत राहिले, "हितं टाकू?"