पत्ता बदलला आहे

आमच्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर 'इकडचं तिकडचं' नावाचं सदर असतं. कुणाच्या जाळ्यात शिवणयंत्र सापडलं, कुणाची शेळी जिना चढून गच्चीत गेली आणि उतरायलाच तयार होईना, असलं सगळं त्यात येतं. पहिल्या पानावर मी रक्त आटवून लिहिलेला अग्रलेख सोडून गाव आधी तेच उघडतं. संपादक मी, वार्ताहर मी, प्रूफं तपासणारी मी आणि अंकाला उशीर झाला की शिव्या खाणारीही मीच. ओल्या उंबऱ्यांची बातमी आली तेव्हा मीही ती हसत हसत छापली.

बंदराच्या धक्क्यापासून टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर रोज एका घराचा उंबरा ओला होत होता. भर दुपारी, जेवणं उरकून सगळे आडवे झाले की. पाऊस नव्हता, नळ फुटला नव्हता. पाणी खारं होतं आणि त्यावर डिझेलचा तवंग असायचा. पायपुसणं पिळून काढावं इतकं भिजलेलं, पण उंबऱ्याच्या आत एक थेंब नाही. सुरुवात बर्फाच्या कारखान्याच्या दारापासून झाली, मग शेजारचं सायकलचं दुकान, मग त्याच्या वरचं घर. एकही दार सुटत नव्हतं. 'मतं मागायला येणारेसुद्धा इतक्या नेमाने फिरत नाहीत,' असं मी लिहिलं आणि त्या आठवड्यात अंक हातोहात संपला.

मग पाळी शिंपीकाकांच्या घराची आली. काकांनी दुकान कधीच बंद केलं होतं, एकटेच राहायचे. ऐकू कमी यायचं, त्यामुळे दारात सावली पडली की कोण आहे ते न बघताच 'ये, आत ये' म्हणायची सवय. त्या दुपारीही ते तसं म्हणाले. शेजारच्या नर्सबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं. संध्याकाळी चहा द्यायला त्या गेल्या तर काका खुर्चीत बसलेले, गळ्यात मापाची टेप, अंगावरचे कपडे कोरडे. उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत मात्र पाण्याचा ओघळ होता.

"छातीत खारं पाणी होतं," डॉक्टर मला म्हणाले. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो, तरी त्यांनी आवाज खाली घेतला. "बुडून मेलेल्याच्या असतं तसं. मला विचारू नकोस आणि छापू तर अजिबात नकोस."

मी 'अल्पशा आजाराने निधन' छापलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा उंबरा ओला होता. त्यांनी दार आतून लावून घेतलं होतं आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. ओल्या उंबऱ्यांची बातमी मी 'इकडचं तिकडचं'मधून काढून टाकली.

घरी आम्ही तिघी. आई, वहिनी आणि मी. टेकडीच्या मागच्या अंगाला नवीन इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समुद्र दिसत नाही, म्हणूनच ही जागा घेतली. दादा लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा. एकदा दुरुस्त केलेलं इंजिन चालतंय का बघायला लाँचबरोबर गेला. लाँच आली नाही, तोही आला नाही, काहीच हाती लागलं नाही. धक्क्याजवळचं जुनं घर आम्ही विकलं. ते पाडून तिथे बर्फाचा कारखाना झाला.

"तो आपल्याला शोधतोय," आई म्हणाली. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता बोलली.

"कोण?" मी विचारलं. उगाच विचारलं.

"जुन्या घराच्या जागेपासून सुरुवात केलीय बघ. तिथे घर नाही, मग दारोदार विचारत सुटलाय बिचारा. आणि बाहेरच थांबतो. मीच लावलेली शिस्त आहे ती. तेलकट पायांनी आत आलास तर तंगडी मोडीन, म्हणायचे. मी 'ये आत' म्हणेपर्यंत पायपुसण्यावर उभा राहायचा, घोडा झाला तरी."

वहिनी ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बंद केला. "आई, शिंप्यांचं काय झालं ते ऐकलंत ना?"

"ते परके होते. आत कोण बोलावतंय, त्याला काय माहीत?"

"तुम्ही दार उघडाल."

"मग काय पोटच्या पोराला दारात ताटकळत ठेवू?"

आई हट्टाला पेटली की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कार्यालयात आली, काठी टेकत, रीतसर गिऱ्हाईक म्हणून. 'पत्ता बदलला आहे' अशी जाहिरात द्यायची होती. दुकानं हलली की लोक देतात तशी.

"आई, माणसं वाचतात पेपर. तो कसा वाचेल?"

"तुझा पेपर जातो कुठे? अर्धं गाव वाचतं, उरलेलं अर्धं त्यात मासळी बांधतं. शेवटी सगळा कागद पाण्यातच जातो."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. नाही म्हणायला हवं होतं. पण मलाही दादा हवा होता. कसाही आला असता तरी हवा होता. मी जाहिरात घेतली.

अंक निघाला त्या रात्री वहिनीने तो वाचून घडी करून ठेवला. मला ती एरवी नावाने हाक मारते. तेव्हा मात्र म्हणाली, "छान केलंत, वन्सं." थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आई ठेवणीतलं पातळ नेसून दारासमोर खुर्ची टाकून बसली. जेवणही तिथेच केलं. दुपार चढली, पंखा फिरत राहिला, आणि म्हातारं माणूसच ते, तिचा डोळा लागला. मान छातीवर आली, काठी हातातून निसटली ती वहिनीने वरच्या वर झेलली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. ओल्या पावलांचा चपचप आवाज, सावकाश, प्रत्येक मजल्यावर थोडं थांबत. आमचा मजला आला. मग पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला, खरखरीत, नीट घासलेला. दाराखालच्या फटीतून डिझेलचा वास आत शिरला. बेल वाजली नाही. कुणीतरी नुसतं उभं होतं. मग घसा खाकरला, आणि तो घसा मी हजारांत ओळखला असता.

मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते मला पक्कं ठाऊक आहे. वहिनीने माझ्या तोंडावर हात दाबला. दुसरा हात कडीवर ठेवला आणि दार न उघडता विचारलं, "कोण पाहिजे?"

आवाज असा, की दारावर आलेल्या विक्रेत्याशी बोलत असावी.

पलीकडे पाणी टपटपत होतं.

"ते लोक इथे राहत नाहीत," वहिनी म्हणाली. "सोडून गेले गाव. लांब गेलेत, समुद्र नाही तिथे. पेपरात चुकून छापलंय. तुम्ही उगाच पायपीट करू नका आता."

पाणी टपटपतच राहिलं. कपाळ तिने दाराला टेकवलं, आणि मग जे बोलली ते विक्रेत्याशी कुणी बोलत नाही.

"जा ना रे."

मग पावलं वळली. जिना उतरताना ती कुठेच थांबली नाहीत.

वहिनीने हात काढला तेव्हा आई जागी होऊन आमच्याकडे बघत होती. किती वेळची जागी होती, कोण जाणे. "कोण होतं गं?"

"कुणाचातरी पत्ता चुकला होता," वहिनी म्हणाली.

"या उन्हातान्हात?" आई खुर्चीत सावरून बसली. "दारात आलेल्याला पाणी तरी विचारायचं होतंस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू गं, पुढच्या अंकात ती जाहिरात जरा मोठ्या अक्षरांत घे. इतकं बारीक त्याला दिसत नसेल."

"घेते," मी म्हणाले.

वहिनी फडकं घेऊन उंबरा पुसायला निघाली होती. मी तिच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि तिला आत पाठवलं.