पाटलाच्या मूळपुरुषाची मांडी

इरम्माच्या विहिरीत हाड लागलं आणि माकणीतल्या अकलेचा दुष्काळ उघडा पडला.

निजामाचा अंमल होता. तेरणेच्या काठाला इरम्माचं रान. नवरा मेल्यापासून ती दर उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरे उकरायची, डोक्यावर घागरी वाहून बैल जगवायची. मान मोडायला आली तेव्हा तिनं रानात विहीर पाडायला घेतली. वजीर बेलदाराची माणसं खणत होती. काळी माती सरली, पिवळी सरली आणि पहार ठणकन वाजली. बाभळीच्या बुंध्याएवढं हाड निघालं, दगडासारखं जड. त्याच्याशेजारी छिन्नीनं टाकी लावलेल्या पाट्यासारखा एक गोळा.

गाव काठावर जमलं. शांतलिंग पाटलानं खाली उतरून हाडावरून हात फिरवला आणि सांगून टाकलं, ही आपल्या मूळपुरुषाची मांडी. तो ताडाएवढा उंच होता, असं आजा सांगायचा. आजा अफू खायचा, तेवढं मात्र पाटलानं सांगितलं नाही. गावानं माना डोलावल्या. कुणी हाडाला भस्म लावलं, कुणी नारळ फोडला. विहीर बंद करायची आणि तिथंच समाधी बांधायची, असं पाटलानं ठरवलं.

"पाटील," इरम्मा म्हणाली, "मांडी एवढी, तर ढुंगण केवढं आसंल? ते काढायला समदं शिवार उकरावं लागंल."

कुणी हसलं नाही. पाटलाच्या धाकानं वजीरची माणसं घरी बसली आणि इरम्मा पुन्हा झिऱ्यावर गेली. येता-जाता बायका अर्धवट विहिरीला हात जोडायच्या. ती बघून थुंकायची. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मनात म्हणायची.

पाटलाला तेवढ्यानं भागेना. हैदराबादेचा एक दगड तपासणारा साहेब उमरग्याला मुक्कामाला होता. मूळपुरुषाचं नाव सरकारदरबारी जावं म्हणून पाटलानं स्वतः गाडी पाठवून त्याला आणला. साहेब विहिरीत उतरला. गोळा उलटापालटा करून त्यानं पाहिला. मग तो दखनीत सांगू लागला आणि वजीर ते मराठीत सांगू लागला. गोळा म्हणजे हत्तीची दाढ, आणि हाडही हत्तीचंच. इथं गाव न्हवतं, पाटीलकी न्हवती, तेव्हा हत्ती पाण्यावर यायचे. त्यातला एक गाळात रुतून मेला. पुरानं वर माती ओढली, वारा लागला नाही, म्हणून हाडं कुजली नाहीत. मग हजारो वर्षं पाणी झिरपत राहिलं. पाण्यातला चुना, गारगोटीचा अंश हाडात बसत गेला आणि हाडाचा दगड झाला. दाढेवरच्या आडव्या धारा गवत रगडायच्या. भोवतीच्या वाळूत शंख-शिंपले होते, ते गोड्या पाण्यातले. म्हणजे इथं दांडगं गवत होतं आणि बारमाही पाणी.

पाटलानं पटका सारखा केला. मग म्हणाला, "हत्ती आसंल. पर आमच्या मूळपुरुषाचा."

गावानं पुन्हा माना डोलावल्या.

इरम्मा खाली उतरली आणि तिनं पहिल्यांदा त्या हाडावर हात ठेवला. गाळात रुतलेलं जनावर कसे डोळे फिरवतं, हे तिनं पाह्यलं होतं. मग तिनं विचारलं, "ती नदी कुठं गेली?"

साहेबानं पायाखालचे गोल गोटे दाखवले. हेच तिचं जुनं पात्र, तो म्हणाला. नदी सरकली, गोटे राहिले. पाणी असल्याच थरात साठतं.

इरम्मा पाटलाकडं वळली. "हत्ती तुमचाच न्हवं? मग घिऊन जावा. दुसऱ्याच्या रानात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालत्यात."

साहेबासमोर पाटलाला शब्द फिरवता येईना. साहेबाला ती हाडं हैदराबादेला न्यायची होतीच. ती पाटलाच्याच गाडीत भरली गेली आणि वजीरची माणसं पुन्हा विहिरीत उतरली. गोट्यांच्या थरात आणखी खाली झरे फुटले.

त्या उन्हाळ्यात गावातले आड आटले. इरम्माच्या विहिरीवर पहिल्या घागरी पाटलाच्या घरच्या आल्या. मूळपुरुषाचा हत्ती पावला, असं पाटील पारावर सांगत होता आणि लोक ते ऐकून पाण्याला येत होते. विहिरीवर पाणी शेंदणारा वजीर चिडला. खरं काय ते यांना सांगितल्याबिगर पाणी देऊ नका, म्हणाला.

"तहानलेल्या जनावराला पाजताना त्याची अक्कल इचारत न्हायत, वजीरभाई," इरम्मा म्हणाली. "तुमी दोर वढा."