साहेबाच्या कोंबडीची चव

अरे, खात्याचं सांगतो, ऐका, मध्ये बोलू नका. नवापूरच्या अलीकडे मिशनचा बंगला होता ना, तिथला हा खानसामा. एकवीस नाताळ त्याने तिथे टर्की, म्हणजे साहेबलोकांची ती मोठी कोंबडी, भाजली. एकवीस! आणि एकदाही तोंडात टाकली नाही.

का? तर साहेब जेवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायचा. खात्याच्या डोक्यात बसलं की हा नैवेद्य आहे, चाखला तर उष्टा झाला. मीठसुद्धा वासावर घालायचा, खरंच! आणि जेवणं उरकली की उरलंसुरलं मडम दवाखान्यातल्या आजाऱ्यांना वाटून टाकायची. साहेब विचारायचा, "खात्या, चाखली ना?" हा म्हणायचा, "चाखली, साहेब." संपलं.

पण घरी सुगंधाबाई, त्याची बायको, वाट बघत बसलेली. त्याला हातपाय धुवू द्यायची नाही.

"सांग ना, कशी लागस?"

आता काय करणार बिचारा? सांगायचा. आणि काय सांगायचा! वरची कातडी म्हणे पापडासारखी कुर्रकन मोडते. आतलं मांस चावावंच लागत नाही, लोण्यासारखं आपलं आपण उतरतं. पक्ष्याच्या पोटात भरलेला पाव रसात भिजून असा होतो की बोटं चाटत बसावं. आणि शेवटी घशात गोडवा येतो, मोहाची फुलं वाळत घातल्यावर जसा वास सुटतो ना, तसा. सुगंधाबाई डोळे मिटून ऐकायची, हातातली भाकर कोरडीच खायची आणि म्हणायची, "आज पोट भरनं मन्हं." खात्या दर वर्षी थोडं वाढवून सांगायचा. तिला तेच हवं असायचं.

मग बासष्ट साली साहेब-मडम कायमचे त्यांच्या देशाला निघाले. बंगल्याला कुलूप. जाता जाता साहेबाने शेवटची टर्की जिवंतच खात्याच्या काखेत दिली, "हा नाताळ तुझ्या घरी कर."

आणि त्याच सालात सुगंधाबाईच्या गळ्यात गाठ निघाली. सुरतेच्या डॉक्टरने तपासलं, खात्याला बाहेर नेलं. "घरी न्या. मागतील ते खायला द्या."

घरी येऊन ती पेजेवर आली. आणि मागितलं काय? "साहेबनी कोंबडीना एक घास दे माले. तेवढी चव समजनी का मंग सुखे जासू."

झालं! खात्याला दुसरं काही सुचेना. नाताळच्या दिवशी सकाळपासून भिडला. भट्टी बंगल्यात, बंगला बंद. म्हणून अंगणात खड्डा खणला, निखारे भरले. पक्षी मडक्यात जाईना, तंगड्या बाहेर! मग रॉकेलचे दोन डबे कापले, घासले, एकात पक्षी ठेवला, दुसरा वर पालथा. शेजारचा सुपडू कुंपणावरून बघतोय.

"खात्यादादा, हाई कोंबडी शे का बकरी?"

"साहेबनी शे. हात लावू नको."

"येनं एक अंडं आख्ख्या गल्लीले पुरी जाई!"

सुगंधाबाई बाजेवर हसली. महिनाभरात पहिल्यांदा. खात्याने ते पाहिलं आणि त्याचे हात दुप्पट चालायला लागले. पाव नव्हता, तर कालच्या भाकरी कुस्करल्या, त्यात कांदा, लसूण, काळजाचे तुकडे. सुपडूच्या घरचं लोणी अंगभर चोळलं. मीठ वासावर. घटका गेली की वरचा डबा चिमट्याने उचलायचा, खाली सुटलेला रस पळीने अंगावर ओतायचा, पुन्हा झाकायचा. आणि वास! गल्लीतली सगळी माणसं काही ना काही निमित्त काढून अंगणात आली. कुणी विस्तव मागायला, कुणी नुसतंच.

दुपारी डबा उघडला. गुळाच्या ढेपेसारखा रंग! खात्याने साहेबासारखे डोळे मिटले, पण म्हणायचं काय ते त्याला येत नव्हतं. उघडले. छातीचा मऊ तुकडा काढला, बारीक केला, सुगंधाबाईला खांद्याशी टेकवून बसवलं आणि घास तिच्या तोंडात दिला.

ती चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. सुपडूसुद्धा.

मग तिने घास तळहातावर काढला.

"जीभले काहीच समजत नही रे."

"कवयपासून?"

"दिवाळीपासून. तुले सांगं नही मी." तिने तो घास टाकला नाही, मुठीत धरला. "तू खा. अन माले सांग. दर सालले सांगस तशी."

तिने डोळे मिटले.

खात्याने आयुष्यात पहिल्यांदा टर्की तोंडात टाकली. कातडी कुर्रकन मोडली, तेवढं खरं निघालं. मग मांस. तो चावतोय, चावतोय. वाईट नव्हती रे! सुपडू तर नंतर हाडं चोखत म्हणाला, असं जन्मात खाल्लं नाही. पण ती कोंबडी होती. मोठी कोंबडी, जराशी कोरडी. लोणी नाही, मोहाची फुलं नाहीत, काही नाही.

"सांग ना."

एकवीस वर्षं पाठ असलेलं सगळं त्याच्याजवळ होतं. नुसतं म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि तोंडात ती खरी चव बसलेली. बाकीचं येईचना.

"कोंबडीसारखी लागस," तो म्हणाला.

"हं. अन पुढे?"

त्याने दुसरा तुकडा घेतला. मग तंगडीचा घेतला. मग भाकरीचं सारण. भराभर खायला लागला, नाकातून पाणी येतंय, लोक बघतायत, ह्याला भानच नाही, हा आपला तोंडात ती सांगितलेली चव शोधतोय. आणि ती मुठीत घास धरून, डोळे मिटून तशीच बसलेली.

"अन पुढे?"