चार शतांशांची फट

मी बांधलेलं इंजिन सुरू झालं की खडखड करत नाही, याचा मला माज होता, कबूल करतो. खडखडणाऱ्या इंजिनानं माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणूनच गेल्या शर्यतीत लेकीच्या गाडीचं इंजिन चौथ्या फेरीत जाम झालं, तेव्हा संघाच्या मालकीणबाईंसमोर मी बोलून मोकळा झालो, "पोरीनं नको तेवढं ताणलं." लेकीनं तोंडातून ब्र काढला नाही. तिला ठेवायचं की दुसरा चालक घ्यायचा, ते बाई आज ठरवणार होत्या.

गाडी कोणीही चालवो, नवं इंजिन तर बांधायचंच होतं. लेक सकाळीच वर्कशॉपमध्ये आली. टेबलावर दोन प्रकारचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारे रॉड, मांडले होते.

"हलके घेऊ, बाबा. इंजिन वरचे आरपीएम पटकन गाठेल. बोल्ट मात्र भारीतले."

"जडच बरे. तुझ्या पायाचा काय भरवसा," मी टोमणा मारलाच.

इंजिन मर्यादेबाहेर पळवलं की रॉडचे बोल्ट ताणून लांब होतात. बसवण्याआधी मी प्रत्येक बोल्टची लांबी, प्रत्येक फट वहीत लिहितो. म्हटलं, आज हिला पुराव्यानिशी दाखवतोच. जाम झालेल्या इंजिनाचे आठही बोल्ट मोजले. एकही केसभर वाढला नव्हता.

पुन्हा मोजले. तेच.

मग जुना पिस्टन खिडकीपाशी नेला. घेरावर चार ठिकाणी उभे ओरखडे. हा ठोकून घडवलेला पिस्टन. तापला की साध्या ओतीव पिस्टनपेक्षा जास्त फुगतो. त्याच्याभोवती नऊ शतांश मिलिमीटर फट हवी, मग थंड असताना तो थोडा वाजतो. मी ठेवली होती चार. वाजू नये म्हणून.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"वही मीही वाचते, बाबा."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलून बसल्यावर माझं कोण ऐकणार होतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासमोरच बाईंना फोन लावला.

"बाई, इंजिन माझ्यामुळे जाम झालं. फट मी कमी ठेवली. पोरीची काही चूक नव्हती, आणि मी तिच्यावर ढकललं."

"गाडी तीच चालवेल," बाई म्हणाल्या. "इंजिन मात्र आम्ही दुसरीकडे बांधून घेऊ. सामान पाठवून द्या."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं.

लेकीनं नवे पिस्टन खोक्यात भरले. मग टेबलाकडे वळली.

"रॉड कुठले नेऊ? तुम्ही सांगाल ते नेते."

इतकं होऊनही ती मलाच विचारत होती.

"हलके," मी म्हणालो. "तुझंच बरोबर होतं."